बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या २१४ कॅसेट: कामाच्या नोंदी

रत्नागिरीतली एक व्हिडिओ लायब्ररी बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिचा उरलेला माल पोटमाळ्यावर सात पोत्यांत पडून होता. तो पुण्यात आणून साफ करायचा, चालेल तेवढा चालवायचा आणि संगणकावर उतरवायचा, असं हे काम. दोघं जण, शनिवार-रविवार आणि जमेल तशा संध्याकाळी. कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्या कॅसेटचे रोग वेगळे असतात. कोरड्या प्रदेशातल्या लोकांनी लिहिलेली माहिती इथे अर्धीच लागू पडते, म्हणून या नोंदी.

९ नोव्हेंबर २०२४

पोती उतरवली. वाहतूक १,२०० रुपये. पहिलं पोतं घरात, पंख्याखाली उघडलं. ही पहिली चूक. कुबट वासाचा भपकारा आला आणि पांढरी भुकटी खोलीभर उडाली. ती बुरशी होती. बाकीची सहा पोती गच्चीवर उघडली, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. घरातला व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका. तो बुरशीचे कण मागच्या बाजूने परत हवेत सोडतो.

मोजणी: हिंदी सिनेमांच्या छापील कॅसेट १२६, मराठी सिनेमे आणि नाटकं १७, हाताने लेबल लिहिलेल्या कॉप्या ३८, कार्टून आणि कराटेपट ११, लग्न-मुंजीच्या ९, लेबल नसलेल्या १३.

तब्येतीनुसार दुसरी वाटणी केली. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च तिरपा मारायचा. रिळाची बाजू काळी, एकसारखी चकचकीत दिसली तर ‘अ’. कडेला पांढरट धूसर कडं दिसलं तर ‘ब’. कापसाचे तंतू किंवा रांगोळी सांडल्यासारखे डाग दिसले तर ‘क’. तुटलेली, गुंतलेली, बॉडी फुटलेली ती ‘ड’. आकडे: अ ६१, ब ९७, क ४३, ड १३. सरळ समोरून टॉर्च मारला तेव्हा ‘ब’मधल्या कितीतरी ‘अ’ वाटल्या होत्या. तिरपा उजेडच लागतो.

प्रत्येक कॅसेटच्या कण्यावर लायब्ररीचा नंबर रंगवलेला आहे. तोच नंबर आम्हीही ठेवला. बऱ्याच डब्यांवर अजून ‘रिवाइंड करून परत करावी’ची चिठ्ठी आहे. ती काढायची नाही, आधी फोटो.

१० नोव्हेंबर

रविवारचा जुना बाजार. व्हीसीआर ३,८०० रुपयांना घेतला. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), एसपी म्हणजे नेहमीचा आणि एलपी म्हणजे निम्मा, असे दोन्ही वेग चालणारा. शिवाय ९०० रुपयांना एक मेलेला व्हीसीपी (नुसता दाखवणारा, रेकॉर्ड न करणारा), ज्याचं चित्र येत नाही पण मोटर फिरते. तो कशाला, ते पुढे.

फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी. तिनेही २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जे मिळेल ते जुनंच, आणि ‘बॉक्सपॅक’ सांगितलं तरी आतलं रबर तेवढंच म्हातारं. घेताना स्वतःची एक फालतू, पण स्वच्छ कॅसेट न्यायची. आत घेते का, प्ले होते का, पुढे-मागे पळते का, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाहेर देताना टेप पूर्ण आत ओढून मग देते का, हे बघायचं. चित्रात मुंग्या असल्या तरी चालेल, हेड (टेपवरून चित्र वाचणारा भाग) साफ करता येतं. कॅसेट बाहेर येताना टेपचा लोंबता फास दिसला तर ते मशीन दुरुस्तीवालाच घेईल.

बाजारात नीट चाललेलं मशीन घरी आल्यावर तासाभरात बिघडलं. प्ले दाबलं की टेप ओढून घेते, तीन-चार सेकंद चित्र येतं आणि बंद.

१६ नोव्हेंबर

कारण सापडलं. टेप गोळा करणारं रिळ फिरत नव्हतं. रिळ फिरतंय की नाही हे पाहणारा सेन्सर मशीनमध्ये असतो. फिरत नाही असं कळलं की मशीन टेप वाचवण्यासाठी स्वतःच थांबतं. त्यामुळे ‘तीन सेकंदांत बंद’ म्हणजे बहुधा इलेक्ट्रॉनिक्स नाही, रबर.

बेल्ट सैल आणि चकाकलेला होता. काढून दोरीवर ठेवला तर जुन्या जागेचा आकार धरून बसला. चौकोनी छेदाचा बेल्ट तपकीर गल्लीत, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळाला. जुना बेल्ट सपाट दाबून, दुहेरी लांबी मोजून न्या. सैलावलेल्या मापापेक्षा साधारण पाच टक्के लहान घ्या. आम्ही पहिला दहा टक्के लहान घेतला. त्याने मोटरवर ताण आला आणि कॅसेट आत घेतानाच अडकली. दुसरा बसला. सोबत नवा पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक. दोन्हीचे मिळून ३५० रुपये.

रबर पुसायला स्पिरिट वापरू नका, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. रोलर चकचकीत राहिला तर आवाज लहरतो आणि टेप खालीवर सरकून कडेला दुमडते.

१७ नोव्हेंबर

अख्खी दुपार वाया. झाकण काढून मशीन चालवून बघत होतो, तर कॅसेट टाकली की मशीन स्वतःच रिवाइंड करायचं किंवा काहीच करायचं नाही. मोड स्विच उघडून साफ केला, सोल्डर तपासले, पुन्हा बेल्ट काढला. दोष कशातच नव्हता.

दोष डोक्यावरच्या दिव्याचा. आपल्या या व्हीएचएस प्रकारच्या कॅसेटमध्ये टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक पट्टी असते. मशीनच्या मधोमध एक इन्फ्रारेड दिवा कॅसेटच्या खालच्या भोकातून वर येतो आणि दोन बाजूंना सेन्सर असतात. पारदर्शक पट्टी आली की उजेड पलीकडे पोचतो आणि मशीनला ‘टेप संपली’ असं कळतं. झाकण उघडं आणि टेबलावर तेजस्वी दिवा असला की तो उजेड थेट सेन्सरवर पडतो. काळं कापड टाकलं आणि सगळं सुरळीत झालं. झाकण उघडून काम करणाऱ्याने आधी खोली अंधारी करावी, मग मशीनवर संशय घ्यावा.

२४ नोव्हेंबर

वाळवणं. ओलसर कॅसेट पुसली तर बुरशी टेपवर सारवली जाते. वाळली की भुकटी होऊन निघते. घट्ट झाकणाचे मोठे डबे, प्रत्येकात ३० कॅसेट, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. डबे आणि जेल मिळून १,१०० रुपये. आत टाकल्यावर पहिल्या दिवशी ७१ टक्के दाखवत होतं. पाच दिवसांनी ५२. तिथेच अडकलं, कारण जेल भिजून हिरवं झालं होतं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत टाकलं, मग दहाव्या-बाराव्या दिवशी ४० टक्क्यांच्या आसपास आलं.

कॅसेट उभ्या ठेवायच्या आणि डब्यात जागा सोडायची. उन्हात वाळवायच्या नाहीत. बॉडी वाकते आणि आतल्या रिळाचा घट्टपणा बिघडतो. ओव्हनमध्ये कॅसेट भाजण्याचा एक उपाय ऐकायला मिळतो. तो काही विशिष्ट चिकट झालेल्या ध्वनिफितींसाठी आहे, बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही.

१ डिसेंबर

सफाईयंत्र. यासाठीच मेलेला व्हीसीपी घेतला होता. बुरशीची कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये एकदा जरी चालवली तरी कण हेडवर, टेपला वाट दाखवणाऱ्या खांबांवर, रोलरवर बसतात आणि पुढच्या स्वच्छ कॅसेटला लागतात. म्हणून सफाईचं मशीन आणि बघायचं मशीन कायम वेगळं.

या जुन्या व्हीसीपीत पुढे-मागे पळवताना टेप हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला गुंडाळलेली नसते. ती कॅसेटच्या तोंडाशीच सरळ धावते. त्या चार बोटं जागेत तंतू न सुटणाऱ्या कापडाची घडी दोन्ही बाजूंनी टेपला लागेल अशी बसवली. धरायला कपड्यांचे दोन चिमटे, त्यांना आतून मऊ फोम.

क्रम: कोरड्या कापडाने दोन फेऱ्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने एक, परत कोरडी एक. अल्कोहोल लिटरला ४८० रुपये, मास्क-कापड-हातमोजे ३८०. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते आणि या मशीनला एक फेरी मारायला पाच मिनिटं लागतात. मांडामांड धरून ‘क’ची एक कॅसेट २५ मिनिटं. ‘ब’ला दोन कोरड्या फेऱ्या पुरतात.

कापडावर काय येतंय ते सतत बघायचं. पांढरं किंवा राखाडी आलं तर बुरशी, चालू ठेवा. तपकिरी आलं तर टेपचं चुंबकीय लेपन सुटतंय. लगेच थांबा, ओलं कापड काढा. आमच्या ‘क’मधल्या तीन कॅसेटना तपकिरी आलं, त्या बाजूला ठेवल्या.

चूक: पहिल्या दोन कॅसेटला चिमटा फार घट्ट लावला. टेपची खालची कड सुरकुतली. व्हीएचएसमध्ये वरच्या कडेला साधा आवाज असतो आणि खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, ज्यावर मशीनचा ताल चालतो. वरची कड गेली तर आवाज खरखरतो, खालची गेली तर चित्र मधूनमधून उडतं आणि कोणतंही बटण त्याला आवरत नाही. त्या दोन कॅसेट कायमच्या तशाच राहणार. चिमट्याला टेप हाताने ओढली तर सहज सरकावी, एवढाच दाब हवा.

७ डिसेंबर

घाई नडली. काम दुप्पट वेगाने व्हावं म्हणून २५० रुपयांचा जुना, मोटारगाडीच्या आकाराचा रिवाइंडर आणला. त्याला सेन्सर नाही, टेप ताणली गेली की तो थांबतो. तीस वर्षं जुन्या टेपचं चक्रीला अडकवलेलं टोक तेवढा धक्का सोसत नाही. एका दुपारी चार कॅसेटची टोकं चक्रीतून सुटली. रिवाइंडर बंद करून ठेवला.

८ डिसेंबर

त्या चार आणि ‘ड’मधल्या नऊ, अशा १३ बॉडी उघडल्या. खाली पाच स्क्रू, बहुतेकदा एक लेबलखाली लपलेला. लेबल कापू नका, हेअर ड्रायरच्या मंद हवेने कड उचला. कॅसेट उताणी धरून स्क्रू काढायचे, मग दोन्ही भाग एकत्र धरून सुलटी करून वरचं झाकण उचलायचं. उलट्या अवस्थेत उघडली तर दोन्ही रिळं, ब्रेकचे दात आणि झडपेची बारीक स्प्रिंग टेबलावर पडतात. स्प्रिंग एकदा सोफ्याखाली गेली ती मिळाली नाही. उघडल्या उघडल्या टेपच्या वाटेचा फोटो घ्या. डावीकडचा छोटा रोलर आणि पिन यांच्या कोणत्या बाजूने टेप जाते ते नंतर आठवत नाही.

टेप दुसऱ्या बॉडीत टाकायला कोऱ्या, स्वच्छ कॅसेट २० रुपयांना एक, अशा १५ घेतल्या. मूळ बॉडीवरचा नंबर आणि लेबल सांभाळा. नव्या बॉडीवर मूळ लेबल चिकटवण्याऐवजी आम्ही जुनी रिकामी बॉडी डब्यात सोबत ठेवली.

जोड: व्हिडिओची जोडपट्टी ३०० रुपये. साधा सेलोटेप कधीच नाही. त्याचा गोंद वितळून बाजूला येतो आणि हेडला लागतो. पट्टी आतल्या बाजूने, म्हणजे रिळाकडच्या बाजूने लावायची. झडप उघडल्यावर समोर दिसते ती बाहेरची बाजू चित्राची, हेड तिला घासतं. पारदर्शक टोक कापून टाकायचा मोह टाळा. ते नसेल तर मशीनला शेवट कळत नाही आणि पुन्हा टेप उपटली जाते.

मधोमध तुटलेल्या टेपचा जोड हेडवरून न्यायचा नाही. जोडाच्या थोडं आधी थांबायचं, कॅसेट बाहेर काढून हाताने जोड पुढे सरकवायचा आणि परत सुरू करायचं. पाच-सात सेकंद जातात, हेड वाचतं.

१५ डिसेंबर

पहिली उतरवणी. व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी ६५० रुपयांची यूएसबी कांडी. दोन नाटकं उतरवली, साडेपाच तास. दोन्ही बाद. शेवटाकडे ओठ आणि आवाज यांत दीड-दोन सेकंदांचा फरक. जुन्या टेपचा ताल सूक्ष्म प्रमाणात हलत असतो. टीव्ही तो सोसतो, कांडी सोसत नाही. ती फ्रेम गाळते, आवाज मात्र चालू राहतो. अख्ख्या फाइलचा आवाज नंतर ताणून जुळत नाही, कारण फ्रेम एकसारख्या गळत नाहीत, जिथे टेप खराब तिथे झुबक्याने गळतात.

२२ डिसेंबर

उपाय मिळाला. जुना डीव्हीडी रेकॉर्डर. पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ या मशीनमध्ये येणारं चित्र ओळीओळीने ताळ्यावर आणणारं सर्किट असतं. डिस्क लिहिणारा भाग मेलेला असला तरी चालतो, आपण त्यातून सिग्नल फक्त पार करतो. ईएस१५, डिस्कचा कप्पा न उघडणारा, २,५०० रुपये. व्हीसीआरची पिवळी वायर रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरमधून एस-व्हिडिओ या चित्राच्या वेगळ्या वायरने ४,२०० रुपयांच्या दुसऱ्या कॅप्चर यंत्रात. त्याच नाटकाचा तोच भाग परत घेतला, पावणेतीन तासांत एकही फ्रेम गळली नाही. तिरकी झुकलेली उभी रेषाही सरळ झाली.

मापं: ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं) तसंच ठेवायचं, वरची ओळ आधी. आवाज ४८ किलोहर्ट्झ. व्हर्च्युअलडब या प्रोग्राममध्ये दोषरहित संकोचनाने, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळता, घ्यायचं. थेट प्रक्षेपणाचे प्रोग्राम वापरले तर ते चित्राचा आकार आणि ओळी परस्पर बदलतात. चित्राच्या तळाशी लवलवणाऱ्या ओळी दिसतात. तो दोष नाही, तिथे एक हेड सोडून दुसरं हेड सुरू होतं. टीव्हीच्या चौकटीमागे ते झाकलेलं असायचं. मूळ फाइलमध्ये कापू नका.

२९ डिसेंबर

सर्वांत महागडी चूक, आणि ती हत्यारांची नव्हती. छापील हिंदी सिनेमे आज कुठेही याहून चांगल्या प्रतीत मिळतात. म्हणून ठरवलं होतं की या १२६ कॅसेटचा सिनेमा उतरवायचा नाही, फक्त सुरुवातीची १५ मिनिटं घ्यायची. तिथे कंपनीचं बोधचिन्ह, जाहिराती, सेन्सॉर प्रमाणपत्र असतं. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ कॅसेटवर आणि डब्यावर कोणती माहिती द्यायची हे घातलं गेलं, प्रमाणपत्राच्या प्रतीसकट. त्यामुळे कोणती कॅसेट सरळ मार्गाने आली आणि कोणती नाही, हे डब्यावरूनच बरंचसं कळतं.

अशा २१ कॅसेट झाल्या. बाविसावी चुकून चालू राहिली आणि मध्यंतराला साडेचार मिनिटांच्या जाहिराती लागल्या. साड्या, प्रेशर कुकर, अगरबत्ती, एका टूथ पावडरची तर सुरुवातीला नसलेली लांब आवृत्ती. शिवाय सिनेमाच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीच्या जाहिराती, त्याही मध्येच. आधीच्या २१ कॅसेट परत घ्याव्या लागणार.

चित्र दिसत पुढे पळवून शोधणं टाळलं, कारण टेप तेव्हा हेडवर जोरात घासते आणि पूर्ण स्वच्छ नसलेल्या कॅसेटला ते मानवत नाही. नवा नियम: पहिली २० मिनिटं, मग ६५ ते ९० मिनिटांचा टप्पा, मग शेवटची १०. एका कॅसेटला जवळजवळ तास. सिनेमा वगळून सगळं जपायचं, असं हे उलटं काम आहे आणि आमच्या मते तेच बरोबर आहे. लायब्ररीच्या कॅसेटमध्ये दुर्मीळ असतं ते सिनेमाच्या अवतीभवती.

५ जानेवारी २०२५

चित्रात एकाएकी मुंग्याच मुंग्या, आवाज मात्र स्वच्छ. म्हणजे हेड चोंदलं. आवाजाचं हेड वेगळं असतं, म्हणून तो वाचतो. कॅसेट ‘ब’मधली होती, सफाईत आळस केला होता.

मशीन बंद करून वायर काढायची. साधा पांढरा कागद अल्कोहोलने भिजवून ड्रमला बोटाने हलका टेकवायचा, कागद स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या टोकाला धरून आडवा फिरवायचा. चार-पाच फेरे. कागदावर काळी रेघ उमटते. कागद वरखाली कधीही हलवायचा नाही, हेडची टोकं फेराइटची असतात, मोडतात. कान साफ करायचे कापसाचे बोळेही नाहीत, तंतू टोकाला अडकतात. पालमध्ये हा ६२ मिलिमीटरचा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो, तेव्हा एक तंतूही पुरेसा असतो. दहा मिनिटं वाळू द्यायचं, मगच कॅसेट.

आता दर पाच कॅसेटमागे खांब आणि रोलर, दर दहामागे हेड, असा क्रम ठेवला.

१२ जानेवारी

हाताने लेबल लिहिलेल्या ३८ कॉप्या सुरू केल्या. यात काही आखातातून आलेल्या. रत्नागिरी भागातली अनेक माणसं तिकडे कामाला, व्हीसीआर आणि कॅसेट दोन्ही त्यांच्या सामानातून यायच्या. तिकडेही बहुतेक ठिकाणी पालच, त्यामुळे अडचण आली नाही. टी-१२० छापलेल्या कॅसेट अमेरिकी मापाच्या. तिकडे दोन तास, आपल्या वेगाने पावणेतीन तासांहून थोड्या जास्त चालतात. दोन तासांनी उठून जाऊ नका.

चार कॉप्या एलपीवर भरलेल्या, एका कॅसेटमध्ये दोन सिनेमे. फक्त एसपी चालणाऱ्या व्हीसीपीवर त्या पळताना दिसतात आणि आवाज चिमणीसारखा येतो. कॅसेट खराब आहे असं समजून फेकू नका.

कॉपीची कॉपी, तिची कॉपी. रंग उजवीकडे ओघळलेले. याला उपाय नाही आणि सॉफ्टवेअरने चेहरे गुळगुळीत करायच्या भानगडीत पडलो नाही. आपोआप ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या चित्राच्या रेघेवर नेमकं आणणं) बंद करून हाताने लावलं तर मात्र फरक पडतो. आपोआप ठेवलं की कमकुवत जागी मशीन शोधत बसतं आणि अर्धा मिनिट चित्र जातं.

आवाज दबका होता, उशीतून आल्यासारखा. ज्या मशीनवर भरलं त्याचं आवाजाचं हेड किंचित तिरकं असणार. आपल्या मशीनच्या आवाज हेडचा कोनाचा स्क्रू पाव फेरा फिरवून ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट होईपर्यंत आणायचं. आधी मार्करने मूळ जागेची खूण करा. शेजारचे उंची आणि झुकाव यांचे स्क्रू हलवू नका. आम्ही एकदा चुकीचा हलवला, तो जागेवर आणायला दोन तास.

२६ जानेवारी

जागा. दोषरहित फाइलला तासाला सुमारे २५ गिगाबाइट लागतात. मराठी १७ आणि कॉप्या ३८ मिळून सुमारे १५० तास, म्हणजे ३,७५० गिगाबाइट. ४ टेराबाइटची डिस्क संगणकात ३.६ दाखवते, त्यामुळे पुरत नाही. शिवाय दुसरी प्रत हवीच. दोन डिस्कचे १७,००० रुपये गेले. मग ठरवलं: नाटकं, मराठी सिनेमे आणि ओळख न पटलेलं सगळं दोषरहित. कॉप्यांमधले नेहमीचे सिनेमे एच.२६४ या दाबून लहान केलेल्या स्वरूपात, तासाला सात गिगाबाइटच्या आत.

आजवरचा खर्च ३३,४१०. त्यात कांडी आणि रिवाइंडर मिळून ९०० निव्वळ वाया.

२ फेब्रुवारी

लग्न-मुंजीच्या नऊ. गिऱ्हाइकांनी कॉपी करायला दिलेल्या आणि परत न नेलेल्या. या पुसून, वाळवून ठेवल्या, पण चालवल्या नाहीत. डब्यावरच्या नावांवरून लायब्ररीवाल्या काकांनी सहा घरं ओळखली, त्यांना विचारून मगच पुढे. सिनेमांच्या फाइलही कुठे चढवत नाही. टेप आपली झाली तरी सिनेमाचे हक्क आपले होत नाहीत.

९ फेब्रुवारी

काकांनी रजिस्टर पाठवलं, जाडजूड, पाठीला कापड लावलेलं. नंबर, नाव, कधी आली, किती वेळा गेली. लेबल नसलेल्या १३पैकी १० नंबरांवरून ओळखल्या. हे पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. कुठलीही जुनी लायब्ररी उचलताना कॅसेटच्या आधी रजिस्टर मागा. आणखी एक फायदा: ज्या कॅसेट सर्वांत जास्त वेळा गेल्या, त्यांची पहिली दहा मिनिटं झिजलेली असतात. त्यामुळे एकाच सिनेमाच्या दोन प्रती असतील तर कमी फिरलेली आधी चालवा.

उरलेल्या तीनपैकी दोन कोऱ्या. तिसरी, नंबर १७४, रजिस्टरात नुसतं ‘केबल’. उपग्रह वाहिन्या यायच्या आधी पुष्कळ लायब्ररीवाले संध्याकाळी व्हीसीआरची वायर आळीतल्या घरांत फिरवून सिनेमा दाखवायचे. त्याच धंद्यातली ही कॅसेट. गणपतीतला आळीचा कार्यक्रम, मधूनमधून थांबवून घेतलेला, आणि खाली हाताने लिहिलेल्या कागदावर कॅमेरा रोखून केलेल्या जाहिराती: पिठाची गिरणी, शिवणकाम, रेडिओ दुरुस्ती, आंब्याच्या पेट्या. २१४मध्ये हिची दुसरी प्रत कुठेच नाही.

आणि हीच ‘क’मधली सर्वांत वाईट. कापडावर तपकिरी येत होतं.

१६ फेब्रुवारी

१७४. अल्कोहोल अजिबात नाही. आठवडाभर डब्यात, ३८ टक्क्यांवर. कोरड्या फेऱ्या तीन, चिमट्याशिवाय, कापड हातात धरून. वेग कमी करायला मोटरचा व्होल्टेज १२ वरून ८ वर आणला. फेरी पाचऐवजी अकरा मिनिटं. तिसऱ्या फेरीत कापड जवळजवळ कोरं.

चालवताना दर दहा मिनिटांनी थांबून हेड साफ केलं. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर अर्धा मिनिट चढवून घेतला, म्हणजे नंतर जोडता येतो. दोनदा पूर्ण चालवली, कारण एका फेरीत जिथे मुंग्या आल्या तिथे दुसऱ्या फेरीत चित्र होतं. ६८ मिनिटांपैकी ६४ मिळाली. चौदाव्या मिनिटाला वरची कड गेल्यामुळे दोन मिनिटं आवाज नाही, चित्र आहे.

बाकी हिशेब: पूर्ण उतरवायच्या ५५पैकी ४७ झाल्या, तुकड्यांत घ्यायच्या १२६पैकी ५८. लेपन सुटणाऱ्या दोन आणि बॉडी वितळलेली एक तशाच आहेत. झालेल्या कॅसेट एका टोकापर्यंत न थांबता गुंडाळून, उभ्या, कोरड्या डब्यात ठेवल्या. जेलचा रंग दर महिन्याला बघायचा, जूनपासून दर आठवड्याला.